ज्योत दिसेनाशी झाली तर परत

पनवेलच्या पुढे खाडीकाठाला जाऊन आल्यापासून आळीतल्या बायका मला धरून विचारतात, "काय काय बघितलंत हो?" आता काय सांगू, कपाळ माझं! बघायला म्हणून मी गेलेच नव्हते. धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला गेले होते. जीव मुठीत धरून गेले आणि ती मूठ अजून पुरती सुटलेली नाही. पण आपल्या पुण्यातलं फारसं कुणी तिकडं जात नाही. आणि पुढेमागे कुणी गेलंच, तर तो मुलूख असाच सापडेल याचीही खात्री नाही. तिथल्या पावणे गावाच्या बाजूला कारखाने येणार, जमिनी जाणार अशी बोलवा तिथं ऐकली. म्हणून जे झालं ते सांगते.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जन्माची घाबरट. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघते. आमच्या माहेरी सगळे तसलेच. निर्णय आमच्याकडे होत नाहीत, लांबतात. धाकट्या बहिणीला, कुसुमला, सातव्यात आणायचं ठरलं होतं. मग आई म्हणाली, पाऊस ओसरू दे. दादा म्हणाला, गौरी-गणपती होऊन जाऊ देत. तेवढ्यात पितृपक्ष लागला, आणि आई म्हणाली, "या दिवसांत पोटुशीला घराबाहेर काढतं का कुणी?" असं करता करता पोरीला आठवा सरत आला.

कुसुमचे यजमान वसंतराव शिरवण्याला शाळामास्तर आहेत. त्यांचं कार्ड आलं, 'पायांना किंचित सूज आहे, काळजी नसावी.' ते 'काळजी नसावी' वाचूनच मला काळजी लागली. आमच्या मागच्या वाड्यातली मालू अशीच सुजून गेली होती, पहिलटकरीण, हसती-खेळती मुलगी. मी पिशवी भरायला घेतली. आई म्हणाली, "अगं, अमावास्या तोंडावर आली आहे." आमचे हे म्हणाले, "जा. काय करायचं ते तिथं गेल्यावर ठरव." ठरव म्हणे! मी भाजीवालीकडे उभी राहिले तर मेथी घ्यावी की चाकवत, यात दुपार करते.

पनवेल

खंडाळ्याच्या घाटात मी डोळे मिटून बसले होते, तेव्हा घाटाचं वर्णन माझ्याकडून मिळणार नाही. पनवेलला उतरले तर वसंतराव बैलगाडी घेऊन हजर. गाडी त्यांच्या घरमालकिणीच्या दिराची. मास्तर हसतमुख माणूस. "अहो ताई, उगीच धावपळ केलीत. काही होत नाही," हे त्यांनी मला पिशवी घेताना सांगितलं, गाडीत चढताना सांगितलं आणि वाटेत पुनःपुन्हा सांगितलं. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते.

तरी मी माझ्या समाधानासाठी बाजारात चार लोकांना विचारून घेतलंच, की शिरवण्याची वाट कशी आहे. आपल्याकडे पत्ता विचारला तर माणूस आधी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो, मग मान न हलवता हाताने दिशा दाखवतो. इथं विचारलं की माणूस हातातलं काम टाकून उभा राहतो, घरात कोण आजारी आहे का विचारतो आणि बरोबर चालायलाच लागतो. एका म्हाताऱ्यानं तर आमच्या गाडीत बसून गावाच्या वेशीपर्यंत सोबत केली.

वाट म्हणजे चिखल. पाऊस तसा सरला होता, पण वर आभाळ धरूनच होतं. उजव्या हाताला हिरवेगार डोंगर, डाव्या हाताला खाडी, आणि मधे भाताची खाचरं. खाडीच्या बाजूला मातीचे लांबच लांब बांध. "बांध फुटला तर?" मी विचारलं. "तर खारं पाणी शेतात येतं आणि पीक जातं," वसंतराव म्हणाले, आणि वर, "पण काही होत नाही." तळोज्याकडून येणारी नदी ओलांडताना चाक रुतलं. मी घाईनं खाली उतरले आणि माझी एक चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. उरलेली एक हातात धरून मी बहिणीच्या दारात उभी राहिले.

शिरवणे

कुसुम दारात आली, माझ्या हातातली चप्पल बघून खो-खो हसली आणि मला रडू आलं. तिचा चेहरा तिचा राहिला नव्हता. डोळे सुजेत बुडालेले. हातात बांगड्या रुतलेल्या. पायावर बोट दाबलं तर खळगा पडून तसाच राहत होता. "डोकं दुखतं का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ठणकतं. आणि मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. यांना सांगितलं नाही, घाबरतील म्हणून." म्हणजे तो 'काही होत नाही' वाला माणूस घाबरतो, हे तिला ठाऊक होतं तर.

घरमालकीण हिराबाय. धिप्पाड बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नाकात मोठी नथ. नवरा धर्मा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा नाखवा. कुळाची शेती, वर खाडीतली मासळी, असं त्यांचं चालतं. तिनं मला चहा दिला तो खारट लागला. मला वाटलं साखरेच्या जागी मीठ पडलं. तर म्हणे विहिरीचं पाणीच मचूळ, चहा असाच लागतो. आपल्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात. इथं पाण्याची ही तऱ्हा, त्यामुळे पाहुण्याला आधी बसायला पाट आणि मग थेट जेवायला. मी मासे खात नाही हे कळल्यावर हिराबायला माझी कीव आली. "मंग जगतंस कशावर गो बाय?" पण तिनं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असली वाढली की त्या काळजीतही मी एक भाकरी मागून घेतली. लाज वाटली, पण घेतली.

मग माझं सुरू झालं. गावची सुईण आली, तिला विचारलं. ती म्हणाली, "पाय तं सुजतानच. पयली खेप हाय." वसंतरावांना विचारलं. ते म्हणाले, मीठ बंद करू, चार दिवस वाट बघू. हिराबायला विचारलं. ती म्हणाली, "मना हे बरं दिसत नाय. डाक्टर पायजे." डॉक्टर कुठं? एक पनवेलला, म्हणजे त्याच रस्त्यानं, तेच हिसके खात. नाहीतर होडीनं खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला, तिथून मोटारीनं मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात. पुण्याला न्यायचं तर नावच काढायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावभर विचारत हिंडले. गाडीनं न्यावी म्हटलं की गाडीचे हिसके डोळ्यांपुढे येत. होडीनं न्यावी म्हटलं की खाडी दिसे. इथंच ठेवावी म्हटलं की मालू दिसे. एकानं हो म्हटलं की मला धीर येई, दुसऱ्यानं नाही म्हटलं की तो जाई. संध्याकाळी हिराबायनं मला ओट्यावर बसवलं आणि माझ्यापुढे शेंगा सोलायला टाकल्या. "बाय, तू इचारतंस किती आनि ठरवतंस कवा? जो भेटंल त्याला इचारतंस. त्याला काय, त्याची भन हाय का ती?"

मी म्हटलं, "हिराबाय, मला कळतच नाही. काय होईल ते कुणाला माहीत आहे?"

"कोनालाच नाय. मना बी नाय. उद्या आवस हाय, मोठी भरती हाय, दुपारला पानी पार बंदराला लागंल. धर्मा होरी काढंल. उद्या बंदरावर बोलू. तिथं बोलाचं."

होरी म्हणजे होडी, एव्हाना कानाला सवय झाली होती. पण बंदरावर काय बोलायचं, ते मला कळलं नाही. रात्रभर कुसुम कण्हत होती आणि मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते.

बंदरावर

बंदर म्हणजे आपल्या मनात येतं तसलं काही नाही. दगडांची एक उतरंड, दोन-चार होड्या, आणि आजूबाजूला तिवरांची दाट झुडपं, अर्धी पाण्यात बुडालेली. सकाळी तिथं नुसता चिखल होता म्हणे. दुपारी बघते तर पाणी काठाला थपथप करत होतं. समोर, पार पलीकडे, ट्रॉम्ब्याच्या बाजूला तेलाच्या कारखान्याची चिमणी आणि तिच्या टोकाला ज्योत. दिवसाउजेडीही नारिंगी दिसत होती. वारा होता, पण फार नाही. डोंगरामागून मात्र काळं वर चढत होतं.

कुसुमला पाटावर बसवून आणलं होतं. मला वाटलं, आता चटकन चढवायची आणि सुटायचं. पण धर्मा तांडेल होडीला पाठ टेकून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. काळा, वाळका, बोलायला सावकाश. त्यांच्यात अशी रीत आहे, की जोखमीचं माणूस घेऊन खाडी ओलांडायची असली की जे काय बोलायचं ते काठावर बोलून घ्यायचं. कुठून मागे फिरायचं ते काठावर ठरवायचं. होडीत बसल्यावर वाद घालायचा नाही. पाण्यात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणतात ते लोक, आणि त्यात तांडेलाचंही आलं.

त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि माझ्यावर नजर थांबवली. "तुमी सगल्यात भितऱ्या दिसता. तुमी पयलं बोला."

मला रागच आला. चारचौघांत असं बोलायचं? हिराबाय म्हणाली, "आगो, रीतच हाय तशी. शूर मानूस पयला बोलला का भितरा गप बसतो. आनि मंग पान्यात वरडतो."

"काय काय वाईट व्हईल ते सगलं सांगा," धर्मा म्हणाला. "लाजू नका."

लाजू नका! उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरी मी तोंड उघडलं की आई म्हणते, "शुभ बोल गं नाऱ्या." मी सुटलेच. होडी उलटेल. पाऊस येईल. हिला मधेच कळा लागतील. हिला मालूसारखे झटके येतील. पलीकडे मोटार मिळायची नाही. आणि मधूनच परत यावं लागलं तर इथं काय? तर पुन्हा तेच घर आणि तीच सुईण! एवढं बोलून मला धाप लागली.

धर्मानं हसण्यावारी नेलं नाही. एकेक घेतलं. पलीकडे उतरल्यावर त्याचा साडू मोटार बघेल. कळा लागल्याच तर हिराबाय होडीत असेल. मग तो शेवटच्याला आला, "परत यावं लागलं तर." त्यानं भावाला हाक मारली आणि सांगितलं, गाडी इथं बंदरावर आणून ठेव, बैल जुंपलेले ठेव, गाडीत पेंढा भर, आम्ही पलीकडे पोचलेलो दिसेपर्यंत बैल सोडू नको. "बरं बोलल्या बाय तुमी," तो मला म्हणाला. "हे आमच्या डोक्यात नवतं."

वसंतराव म्हणाले, "काही होत नाही हो, एवढी तयारी कशाला?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता राहिली मागे फिरायची खूण. ती ज्याच्या जिवाची जोखीम असते त्यानंच सांगायची. सगळे कुसुमकडे बघायला लागले. मला वाटलं, हे काय भलतंच? एवढी आजारी पोर, तिला कसलं विचारता? पण ती पाटावर बसल्या बसल्या खाडीकडे बघत होती. वाटेत मधे जाळी बांधायचे खुंट उभे होते, निम्म्याच्या थोडे अलीकडे. तिनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "त्या खुंटांपाशी पोचू तेव्हा पलीकडची ज्योत दिसत असली तर पुढे. ज्योत दिसेनाशी झाली तर परत."

"ठरलं?" धर्मानं एकेकाला विचारलं. एकेकानं हो म्हटलं. मीही म्हटलं.

खाडीत

होडीत बसल्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटलं. पाणी गढूळ, जड, पण शांत होतं. कुसुमचं डोकं हिराबायच्या मांडीवर. तिनं डोळ्यांवर ओला पदर घेतला होता. मी ज्योतीवरून नजर हलवली नाही. मनात रामरक्षा, डोळे चिमणीवर. वसंतराव नखं खात होते. काही होत नाही म्हणायचं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि मला ते त्यांनी म्हणावं असं वाटायला लागलं होतं.

खुंट जवळ आले. पलीकडचा किनारा चांगला दिसायला लागला, घरं, झाडं. आणि मग डोंगराकडून नव्हे, खालून, समुद्राच्या अंगानं एक करडा पडदा सरकत आला. बघता बघता घरं गेली, झाडं गेली. चिमणी पुसट झाली. ज्योत एकदा लुकलुकली आणि गेली.

धर्मानं वल्हं आडवं धरलं. होडी वळवायला लागला.

"अहो, सर आहे ती! नुसती सर आहे!" मी ओरडले. "आत्ता जाईल! एवढं जवळ आलोय!"

तो वल्हं मारत राहिला.

"मास्तर, तुम्ही तरी बोला की!" वसंतराव माझ्याकडे बघत राहिले.  मी धर्माला काय वाट्टेल ते बोलले. मेल्या म्हटलं, मुडद्या म्हटलं. आमच्या घरी कुणाला असं बोललेलं मी ऐकलेलंही नाही, पण तेव्हा तोंडात तेच आलं. तेवढ्यात पदराखालून कुसुमचा आवाज आला. "ताई, गप. ठरलंय ना आपलं."

आम्हांला थोडेसे थेंब लागले, तेवढंच. आणि अर्ध्या वाटेवर परत आलो नाही तोच पडदा विरला. ऊन पडलं. ज्योत पुन्हा दिसायला लागली, धुतल्यासारखी लख्ख! मी धर्माचा हात धरला. "बघा! बघा, दिसतेय! फिरवा!"

त्यानं माझा हात हळूच काढला. "भरती संपली बाय. आता पानी उतरंल. पलीकडं चिखलात बसंल होरी. आनि परत म्हटलं का परत." त्याचा चेहरा दगडासारखा होता. मला त्या क्षणी तो माणूस राक्षस वाटला. मी ज्योतीकडे पाठ करून बसले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

पनवेलची वाट

बंदरावर गाडी उभी होती. बैल जुंपलेले, पेंढा भरलेला. कुसुमला होडीतून उचलून सरळ गाडीत ठेवलं आणि निघालो. घरी जाऊन विचार करायला कुणी थांबलं नाही, मीही नाही. विचार आधीच झाला होता.

बेलापूर मागे पडलं. प्रत्येक हिसक्याला मी तिचं डोकं धरत होते. ती म्हणाली, "ताई, मला तू दोन दिसतेस." मग बोलायची थांबली. जिथं माझी चप्पल गेली होती त्याच नदीच्या उतारावर तिला पहिला झटका आला. तो मी सांगणार नाही. हिराबायनं तिला कुशीवर वळवून घट्ट धरलं, गाडीवान खाली उतरून बैलांबरोबर धावायला लागला, आणि वसंतराव गाडीमागून चिखलातून धावत होते आणि लहान मुलासारखे रडत होते. मला आश्चर्य वाटेल इतकी मी शांत होते. जे जे मी बंदरावर बोलून दाखवलं होतं, त्यातलंच हे एक होतं.

दिवेलागणीला पनवेल आलं. डॉक्टर म्हातारे होते, दवाखान्यालाच लागून घर. त्यांनी तिला बघताच इंजेक्शन भरलं. आम्ही बाहेर बसलो. हिराबायनं माझा हात हातात घेतला होता. तिचा हात खरखरीत आणि गरम होता.

कुसुम वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

पनवेल, त्यानंतर

त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही बरेच दिवस राहिलो. पनवेल तेव्हा मी खरं पाहिलं. सकाळी मासळी घेऊन जाणाऱ्या बायका ओळीनं, भरभर, गप्पा मारत जातात. तांदळाच्या पोत्यांच्या गाड्या. तळ्याकाठी देऊळ. पितृपक्ष संपला होता, घट बसले होते. आपल्यासारखाच भोंडला तिथंही पोरी फेर धरून खेळत होत्या, आणि त्या गाणी म्हणायला लागल्या की मी खिडकी लावून घेई.

एक दिवस डॉक्टरांना गाठून मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवतं का? "पलीकडे नेली असती तर?"

त्यांनी चष्मा काढला. "मोठ्या इस्पितळात वेळेवर पोचली असती तर कदाचित दोघी वाचल्या असत्या. होडीत झटका आला असता तर कदाचित दोघी गेल्या असत्या. यातलं काय झालं असतं ते मला विचारू नका. मी तिथं नव्हतो, आणि तुम्हीही नव्हता."

मग धर्मा आला. शहाळी घेऊन आला आणि दाराबाहेरच बसला, आत येईना. मी बाहेर गेले. मला त्याला शिव्या दिल्याबद्दल बोलायचं होतं, पण त्यानंच आधी तोंड उघडलं.

"बाय, तुमाला वाटत आसंल मना ठावं व्हतं. मना काय ठावं नवतं. त्या टायमाला मना बी पुढंच जावं वाटत व्हतं. सर हाय, जाईल, मना बी तसंच वाटलं."

मी खाली त्याच्याजवळ बसले. "मग फिरलात का?"

"ठरलं व्हतं म्हनून." तो जमिनीकडे बघत होता. "माजा मोठा भाव असाच गेला. जवल आलो, जवल आलो बोलत गेला. किनारा जवल दिसला का मानूस आपलं आपल्याशीच खोटं बोलतो. तवापासून मी पान्यात आपलं आयकत नाय. काठावर काय बोललो तेवरंच आयकतो." मग त्यानं डोळे पुसले. "पन त्या ज्योतीनं परत दिसाला नको व्हतं."

 आतमध्ये वसंतराव कुसुमला चमच्यानं पेज भरवत होते.

हे सगळं कुसुमला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दवाखाना आणि त्या खोलीत एक पडदी भिंत, तिनं सगळं ऐकलं असणार. दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. वसंतराव पायाशी बसले होते. ते म्हणाले, "देवाची इच्छा. आपल्या हातात काय होतं?"

"होतं," कुसुम म्हणाली. तिचा आवाज इतका स्पष्ट मी त्या आजारात ऐकला नव्हता. "खूण मी सांगितली होती. देवानं नाही."

 माझ्या तोंडात एकदम सगळं आलं. की तू बरोबरच केलंस. की तू सांगितलं नसतंस तर तूही गेली असतीस. की यात तुझी काही चूक नाही. की डॉक्टर म्हणाले, धर्मा म्हणाला. मी बोलायला लागले आणि तिनं तेलकट केसांसकट मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ताई, तेव्हा मला ज्योत दिसत होती, आभाळ दिसत होतं आणि पोटात ती हलत होती. तेवढ्यावर मी बोलले. आज पुन्हा तिथं बसवलंत आणि तेवढंच दाखवलंत तर मी पुन्हा तेच बोलेन. ते मला माहीत आहे. म्हणून मला चूक म्हणू नकोस. आणि बरोबर तर मुळीच म्हणू नकोस. बरोबर म्हटलंस ना, तर ती गेली ते बरं झालं असं होईल."

वसंतरावांनी तोंडावर हात घेतला.

"मग मी काय करू गं?" मी विचारलं.

"काही करू नको. बस इथं."

जन्मात पहिल्यांदा मला पुढे विचारायला काही सुचलं नाही. मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि मी तिला गप हो म्हटलं नाही.